बिनकानाचा डबा

अक्काताई म्हेत्रेंच्या घरातला जुना राउटर मंगळवारी सकाळी विजेच्या झटक्यानं गेला. एक ठिणगी उडाली, जळक्या रबराचा वास सुटला आणि भिंतीवरचे तीन हिरवे दिवे कायमचे मिटले.

नवरा शिवाप्पा खाटेवर बसून चहा पीत होता. ठिणगीचा आवाज त्याला ऐकू आला नाही. गेली वीस वर्षं त्याला फारसं काही ऐकू येतच नव्हतं. पण वास आला. त्यानं डावा हात वर केला, दोन बोटं कात्रीसारखी मिटली आणि तळवा उलटा केला.

ताणा तुटला. माग बंद.

"व्हय, बंदच पडला," अक्काताई तोंडानं म्हणाली आणि हातानंही तेच म्हणाली. दोन्हीकडून बोलायची तिला सवय होती.

इचलकरंजीत साध्या मागांचा जमाना होता, तेव्हा एकेका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडायचे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नसे. म्हणून तिथली माणसं हातानं बोलत. मूठ तोंडाशी नेली की चहा. दोन बोटं गरगर फिरवली की कांडी संपली. कपाळावर आडवा हात म्हणजे मालक आला. मूल आजारी आहे, सासू छळते, आज भाकरी जास्त आणलीय, सगळं हातावर सांगता यायचं. शिवाप्पा त्या शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. अक्काताई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्यांचं लग्नही हातावरच जमलं होतं. सात मागांच्या ओळीपलीकडून त्यानं विचारलं आणि तिनं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवून हवेत गाठ मारली. शेडमध्ये गाठ मारली म्हणजे शब्द दिला. तुटलेला धागा पुन्हा जोडणारी ती गाठ. ती सुटत नसते.

आता तो चौऱ्याहत्तरचा, ती एकोणसत्तरची. मागांनी त्याचे कान खाल्ले आणि कापसाच्या धुळीनं फुफ्फुसं; तोंडानं बोलायला आता त्याला दम पुरत नसे. खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरत असे.

गेल्या वर्षी त्याला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. एकोणीस दिवस. घशात नळी. नळी ओढून काढतो म्हणून तिथल्या लोकांनी त्याचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले. त्यांचाही इलाज नव्हता, सगळ्यांनाच तसं बांधतात. पण आपण माणसाचं तोंड बांधलंय हे त्यांना कुठून कळणार? एकोणीस दिवस शिवाप्पा गप्प पडून होता. घरी आल्यावर त्यानं पहिली गोष्ट हातानं सांगितली ती अशी: पुन्हा तिथं नाही. हात बांधतात तिथं नाही. जे व्हायचं ते इथं, या खाटेवर.

अक्काताईनं हवेत गाठ मारली होती.

* * *

राउटरशिवाय घर चालत नव्हतं. शिवाप्पा हयात असल्याचा दाखला दर महिन्याला त्यातूनच जायचा आणि मुलगा श्रीशैल पुण्याहून त्यावरच दिसायचा. दुपारी ती तौफिक मोमीनच्या दुकानात गेली. तौफिकची आई तिच्या शेजारी बसून कांड्या भरायची, त्यामुळे तो तिला मावशी म्हणायचा.

"बसा मावशी. तीन हाईत बगा. ह्या पयल्याला डोळा हाय, म्हंजे कॅमेरा. घरात चोर शिरला की फोटू काढतोय."

"आनि मी मोरीत आंघोळीला बसले की?"

तौफिकनं डोकं खाजवलं. "त्योबी काढील."

"मग ऱ्हाऊ दे तुजा चोर."

"ह्या दुसऱ्याला कान हाईत. नुसतं म्हनायचं, पंखा लाव. लागला पंखा."

"आमच्या शेजारच्या सुलोचनाकडं होता तसला. नवऱ्याला म्हनली, आता तोंड मिटा. तर त्यानं सगळ्या घराचे दिवे मिटवले. काढून टाकला तिनं. न्हाई बाबा, ऐकनारं नको. म्हातारा-म्हातारी काय बोलतोय, कशाला कुनी ऐकावं?"

"मग ह्यो घ्या. सुलोचनाताईंनीबी ह्योच नेलाय." तौफिकनं पांढरा, गुळगुळीत, साबणाच्या पेटीएवढा डबा पुढं सरकवला. "ह्याला डोळा न्हाई आनि कान न्हाई. 'सांगाती' म्हनत्यात. वयस्कर लोकांच्या आरोग्य योजनेला ह्योच लागतोय. श्रीशैलदादांचा सकाळीच फोन आलता, ह्योच द्या म्हनून."

"डोळा न्हाई, कान न्हाई, तर त्याला कळतंय कसं कोन पडलं आनि कोन उठलं?"

तौफिकला हा प्रश्न आवडला. त्यानं काउंटरवर दोन्ही हात पसरले. "सुताचा भीम चढवलेला माग डोळ्यापुढं आना. चार हजार ताणे एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत ताटलेत. मधी कुटंबी बोट लावलं, तर टोकाला कळतंय का न्हाई?"

"कळतंय की. जॉबरला तर झोपेत कळतंय."

"तसंच हाय. राउटरच्या लहरी घरभर अशाच ताटलेल्या असत्यात. भिंतीला आपटत्यात, भांड्याला आपटत्यात, परत येत्यात. मधी मानूस हलला की त्या हलत्यात. श्वास घेतला आनि छाती जराशी वर आली, तरी हलत्यात. ह्यो डबा ते हलनं सेकंदाला हजार बार मोजतोय. पडनारा मानूस एका तऱ्हेनं हलवतोय, चालनारा दुसऱ्या तऱ्हेनं. एकदा नमुना कळला की डबा वळखतोय. लाखो घरांतनं शिकलाय त्यो."

"आनि भिंत आडवी आली तर?"

"लहरीला भिंत म्हंजे पडदा. जरा आडती, बाकी जाती."

हे वाक्य अक्काताईनं ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष कागदाकडं होतं. साक्षरता वर्गात बावन्नाव्या वर्षी पाटी हातात धरल्यापासून ती न वाचता कुठंही सही करत नसे. बोटाखाली ओळ धरून ती वाचू लागली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"'घरातील व्यक्तींच्या हालचालींची माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरली जाईल.' हालचाल म्हंजे?"

"उठनं, बसनं, चालनं. दुसरं काय?"

"बोलनं न्हाई?"

"कानच न्हाईत त्याला, मावशी. बोलनं कशानं ऐकनार?"

तिनं ठसठशीत अक्षरात सही केली, अक्काताई शिवाप्पा म्हेत्रे, आणि डबा पदराखाली घेऊन घरी आली. दुसऱ्या कुठल्याही घरासाठी तिची निवड अगदी बरोबर होती.

* * *

तौफिकनं संध्याकाळी डबा बसवला. तो गेल्यावर शिवाप्पा भिंतीला धरत उठला आणि त्यानं तळवा डब्यावर ठेवला. जॉबरची ही जुनी रीत. चालत्या मागाच्या लोखंडावर हात ठेवून तो सांगायचा, आतली कुठली खीळ सैल आहे. मालक म्हणायचे, शिवाप्पाच्या तळव्यालाच कान आहेत.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग वळून हातानं म्हणाला: हा बघत नाही. ऐकत नाही. हा चाचपतोय.

"तुमास्नी समद्याच मशिनींचा संशय," अक्काताई म्हणाली. "नव्या मागांचाबी होता."

त्या मागांनी किती माणसं घरी बसवली? त्यानं हातानं विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर पहिला प्रश्न आला. पडद्यावर रेघांनी काढलेला एक माणूस बसला होता. त्याचा कोपर वाकला होता आणि मूठ तोंडाकडं जात होती. खाली लिहिलं होतं: 'नवीन हालचाल आढळली. ही हालचाल कशाची? कृपया मदत करा.'

अक्काताईनं चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग एकेक अक्षर शोधून लिहिलं: चहा.

'धन्यवाद, अक्काताई! तुमच्यामुळे आम्ही शिकतो.'

ती ते वाक्य बघतच राहिली. लिहायला शिकून तिला सतरा वर्षं झाली होती. वर्ग संपला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, आता जग तुमच्यासाठी उघडलं. पण त्यानंतर सहीखेरीज कुणी तिला काही लिहायला सांगितलं नव्हतं. कुणी पत्र धाडलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. हा पहिलाच, जो लेखी विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

मग रोजचंच झालं. दुपारी भांडी घासून झाली की ती उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसायची. रेघांचा माणूस दोन बोटं फिरवायचा. कांडी संपली. आडवा हात कपाळाला लावायचा. मालक आला. पोटावर तळवा गोल फिरवायचा. भूक नाही.

काय करतेस? शिवाप्पा हातानं विचारायचा.

"अभ्यास," ती म्हणायची.

दोन महिन्यांत तिनं एकशे चाळीस उत्तरं दिली. मग प्रश्न बदलले. 'भूक नाही' यानंतर 'उद्या खाईन' असे म्हटले का? यातील बोलणारी व्यक्ती घाबरलेली आहे का? परीक्षा अवघड होत चालली असं तिला वाटलं आणि तिनं उत्तरं आणखी विचार करून दिली. कधीकधी तर एका ओळीऐवजी तीन ओळी लिहिल्या.

डबा वाईट होता असंही नाही. भाद्रपदात एके सकाळी ती गच्चीवर धुणं वाळत घालत होती, तेव्हा मोबाईल कर्कश ओरडला: 'शिवाप्पा म्हेत्रे मोरीत पडले आहेत. तातडीने जा.' ती धावत खाली आली. तो भिंतीला टेकून निळा पडत होता, नाकाला लावलेली प्राणवायूची नळी निसटली होती. आणखी पाच मिनिटं गेली असती, तर सगळं संपलं होतं. पुढं खंडेनवमीला तिनं नेहमीसारखा त्याचा जुना धोटा, पाना आणि तिची कात्री पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि थोडं कुंकू भिंतीवरच्या डब्यालाही लावलं.

पण मोरीत पडला त्या दिवशी, जिवात जीव आल्यावर, शिवाप्पानं तिला जवळ बोलावलं होतं. त्यानं सगळं नीट सांगितलं. दिवस जवळ आलाय. पोराला कळवू नकोस. तो प्रेमापोटी मला मिरजेला टाकील. हात बांधतील. तू शब्द दिलायस.

तिनं पुन्हा हवेत गाठ मारली. अगदी डब्यासमोर.

* * *

श्रीशैलचा फोन खंडेनवमीनंतर चार दिवसांनी आला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "आई, काल आण्णांनी तीनदा साखर मागितली. तू दोनदा दिलीस."

अक्काताई हसली. "मागितली असंल. म्हाताऱ्याची जीभ. तुला कोन सांगितलं?"

"ॲपवर येतं."

"काय येतंय?"

"लिहून येतं. रोजचा गोषवारा. त्याला तुमचं हातानं बोलणं कळायला लागलंय, आई. मलाही आधी खरं वाटलं नाही. लहानपणापासून मी ते बघतोय, पण मला कधी नीट आलं नाही. तुम्ही माझ्यासमोर तेच बोलायचा, मला कळू नये म्हणून. आता सगळं वाचता येतंय."

"आनि काय काय येतंय?"

त्यानं ते टाळलं. "शनिवारी येतो मी. समोर बसून बोलू."

ती तशीच चपला घालून तौफिककडं गेली. तो कोपऱ्यात खोक्यावर बसला होता. चेहरा उतरलेला.

"मावशी, चांगलं झालं आलात. ऐकलं का? वखारीपलीकडच्या शेडमधी मालकानं ह्योच डबा लावला, कामगारांच्या तब्येतीसाठी म्हनून. तिथल्या जुन्या मागांवरच्या तिघांनी मागं उभं ऱ्हाऊन, हातावर, माग बंद ठेवायचं ठरवलं. तोंडातनं एक शब्द न्हाई काढला. दुसऱ्या दिवशी तिघांना घरी बसवलं. काय बोलले ते जसंच्या तसं वाचून दाखवलं मालकानं."

"त्याला कळलं कसं?"

"एका घरात शिकला की सगळ्या घरांतला डबा शिकतोय. एकच डोस्कं हाय त्यांचं. आपल्याच गल्लीतनं कुनीतरी शिकवलं म्हनं त्याला. एकशे चाळीस शब्द, अर्थासकट, कधी कुठला वापरायचा त्यासकट. कंपनीचा मानूस म्हनत होता, एवढी चोख उत्तरं त्यांना कुठंच मिळाली न्हाईत." तौफिकनं मान हलवली. "लई हुशार मानूस असनार, मावशी."

अक्काताई त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली. तिनं पाणी मागितलं, पण तोंडानं नाही. मूठ ओठाशी नेली आणि मध्येच हात खाली घेतला. दुकानातही भिंतीवर एक पांढरा डबा होता.

* * *

घरी येऊन तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर डब्याची वायर उपटली. हिरवा दिवा विझला. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि शिवाप्पाकडं वळून सांगायला हात उचलले.

मोबाईल वाजला.

'तुमचा सांगाती बंद पडला आहे. काळजी नसावी. शेजारील सांगातीच्या मदतीने तुमची सेवा अखंड सुरू आहे.'

तिची नजर भिंतीकडं गेली. पलीकडं सुलोचनाचं घर. मधे नऊ इंचांची भिंत, तीही सामाईक. लहरीला भिंत म्हणजे पडदा.

तिचे हात हवेतच राहिले. मग तिनं ते सावकाश खाली घेतले, खाटेपुढं गुडघ्यावर बसली आणि नुसते ओठ हलवून, एकेक शब्द सुटा करून बोलली. शिवाप्पाला ओठांवरचं थोडं थोडं कळायचं.

"त्याला. आपलं. बोलनं. कळतंय. मीच. शिकवलं."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिला वाटलं, हा आता संतापेल. त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं दोन्ही हात उचलले, त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि मांड्यांखाली घालून त्यावर बसला.

त्या दिवसापासून त्या घरात कुणी बोलेना. चोपन्न वर्षांचा संसार, आणि दोघं एकमेकांसमोर चोरासारखी हात लपवून बसू लागली. जेवायला हवंय का, दुखतंय का, खिडकी उघडू का, सगळं नजरेवर आलं. नजरेत फार मावत नाही. श्रीशैलनं फोनवर विचारलं, "आई, तीन दिवस काहीच येत नाहीये. भांडलात का?" ती म्हणाली, "बोलन्यासारखं काय उरलंय?" त्या शनिवारी त्याला कामातून सुटी मिळाली नाही. पुढच्या शनिवारी नक्की, म्हणाला.

पाचव्या दिवशी तिला सुचलं. हवेतला हात डब्याला कळतो. पण गोधडीखाली, एकाच्या बोटानं दुसऱ्याच्या तळव्यावर ओढलेली रेघ? तेवढ्यानं कुठली लहर हलणार?

शिवाप्पाला अक्षरं येत नव्हती. ती वर्गाला जायची तेव्हा तिनं त्याला खूप आग्रह केला होता. तेव्हा तो हसून हातानं म्हणाला होता, माझी दहा अक्षरं माझ्या हाताला आहेत. आता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यानं तळवा पुढं केला. तिनं गोधडी ओढली आणि आत, अंधारात, त्याच्या राठ तळव्यावर पहिलं अक्षर काढलं. ओठांनी म्हणाली, घ. घराचा घ.

वर्गातल्या बाईंनी तिला गमभन शिकवलं होतं. तिनं त्याला तो क्रम शिकवला नाही. जे लागणार होतं ते शिकवलं. पाण्याचा पा. दुखण्याचा दु. नकोचा न. सहा दिवसांत त्याला चार अक्षरं आली. जॉबरचं बोट ते, एकदा कळलेली रेघ विसरत नव्हतं. चौथ्या अक्षराला तो हसला. फार दिवसांनी.

* * *

शुक्रवारी दुपारी ताक घुसळताना तिला दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. पांढऱ्या कपड्यांतले दोघं आणि एक तरुण बाई आत आली. बाईच्या हातात पाटीसारखा पडदा होता. बाई नम्र होती. चपला बाहेर काढून आली.

"आजी, मी योजनेकडून आले. आजोबांचा श्वास सकाळपासून मिनिटाला चौतीस चाललाय. त्यांना न्यायला हवं."

"आमी कुनी बोलावलं न्हाई तुमास्नी."

"बोलावायची गरज नसते आजी. तेवढ्यासाठीच तर सांगाती आहे."

"मी त्यांची बायको हाय. मी न्हाई म्हनते."

बाईनं पडद्याकडं पाहिलं. सांगावं की नको असं तिला झालं असावं. मग तिनं पडदाच अक्काताईसमोर धरला. अक्काताईनं बोटाखाली ओळ धरून वाचलं:

'रुग्ण व काळजी घेणारी व्यक्ती यांच्यात उपचार टाळण्याचे ठरले आहे. (शब्द दिला: एक वेळ.) सबब काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून निर्णय घेऊ नये. मुलाची संमती प्राप्त.'

'शब्द दिला.' हे तिचंच उत्तर होतं. रेघांच्या माणसानं हवेत गाठ मारली होती, आणि तिनं उंबऱ्यावर बसून तीन ओळी लिहिल्या होत्या: ही गाठ. म्हणजे शब्द दिला. ही सुटत नसते.

तिनं पुण्याला फोन लावला.

"सही केलीस तू?"

"आई, त्यांचा श्वास—"

"सही केलीस का?"

"केली. मग काय करू? तू त्यांना मरू देणार होतीस. माझ्यापासून लपवून! मी ते वाचलं, आई. एकदा नाही, वीस वेळा वाचलं. 'पोराला कळवू नकोस.' हे वाचून मुलानं काय करायचं असतं?"

"त्यांचे हात बांदत्यात रे तितं."

"हात बांधतात म्हणून कुणी मरतं का?"

तिनं यावर पुष्कळ सांगितलं असतं. पण ते सगळं हातानं सांगायचं होतं. तोंडाच्या भाषेत त्याला शब्द नव्हते, आणि पोराला तिनं ती भाषा शिकवली नव्हती. डब्याला शिकवली होती.

शिवाप्पाला खुर्चीत बसवून नेताना त्याचे दोन्ही हात गोधडीत होते. त्यानं ते बाहेर काढले नाहीत. उंबऱ्यावर खुर्ची कलली तेव्हा एकदाच त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि ती नजर चुकवून चपला शोधू लागली.

* * *

मिरजेत तोच मजला होता, पलंग दुसरा. घशात नळी. मनगटांवर पांढरी पट्टी, पलंगाच्या दांडीला बांधलेली. अक्काताईला चार वाजता पंधरा मिनिटं आत सोडलं. श्रीशैल पुण्याहून निघाला होता. पलंगाच्या डोक्यावर, हात पोचेल इतक्या जवळ, पांढरा डबा होता आणि त्याचा दिवा हिरवा होता.

तिनं आपला तळवा त्याच्या बांधलेल्या हाताखाली सरकवला. शिवाप्पाचे डोळे उघडे होते. त्याची तर्जनी हलली. आधी नुसती थरथरल्यासारखी. मग एक वळण, दुसरं वळण, उभी रेघ, वर आडवी.

घ.

पुन्हा तेच. घ. त्याला पुढची अक्षरं येत नव्हती. येत होती तेवढ्यात त्यानं सगळं सांगितलं होतं.

कनवटीचा मोबाईल थरथरला. तिनं दुसऱ्या हातानं काढला. पडद्यावर रेघांचा माणूस नव्हता या वेळी. नुसता एक हात होता आणि त्याचं एकच बोट हलत होतं. डबा इतक्या जवळ होता की बोटभर हलणंही त्याला पुरलं होतं.

'नवीन हालचाल आढळली. ही हालचाल कशाची? कृपया मदत करा.'

अक्काताईनं चष्मा सारखा केला. एकेक अक्षर शोधून लिहिलं: बोटाला मुंग्या आल्यात.

लिहायला शिकल्यापासून तिनं पहिल्यांदाच खोटं लिहिलं होतं.

'धन्यवाद, अक्काताई. हीच हालचाल गेल्या आठवड्यात इचलकरंजीतील आणखी अकरा घरांत दिसली आहे. तेथील उत्तरे वेगळी आहेत. कृपया पुन्हा विचार करून सांगा.'

अकरा घरं. ती आकड्याकडं बघत राहिली. अकरा ठिकाणी गोधड्या ओढून कुणीतरी कुणाच्या तरी तळव्यावर रेघ काढत होतं. त्यांना वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलंय. आणि त्यांच्यातल्या कुणीतरी, भल्या मनानं, विचारलं म्हणून उत्तरही देऊन टाकलं होतं.

डोक्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. लांब, दरवाजाच्या काचेपलीकडं, नर्सनं मान वर केली.

अक्काताईनं मोबाईल पलंगावर पालथा ठेवला. मनगटावरची पट्टी तिनं जवळून पाहिली. गाठ साधी होती, घाईत मारलेली, एक टोक बाहेर राहिलेलं. तिनं दोन बोटांत ते टोक धरलं. काचेपलीकडं पावलं वाजू लागली, तरी तिनं टोक सोडलं नाही. गाठी मारणं आणि गाठी सोडणं तिला अक्षरांच्या कितीतरी आधीपासून येत होतं.